गेल्या वर्षी फुललेला भुईचाफा यंदा वर का आला नाही? कंदातून परतणाऱ्या फुलांचं दुखणं आणि इलाज

वसंतात जमिनीतून थेट फूल वर काढणाऱ्या झाडांची तक्रार दर मार्च-एप्रिलला एकाच साच्याची असते. गेल्या वर्षी पाच-सात फुलं आली, पावसाळ्यात पानंही भरघोस होती, दिवाळीनंतर पानं गेली आणि यंदा त्या जागी नुसती ढेकळं. ही तक्रार सर्वांत जास्त भुईचाफ्याची, त्याखालोखाल मे-फुलाची (त्यालाच फुटबॉल लिलीही म्हणतात) आणि थोडीफार कोळकांदा, गडांबी कांदा, कळलावी यांची. यातलं मे-फूल मूळचं आफ्रिकेतलं, पण आपल्या परसात आता चांगलंच रुळलेलं. या सगळ्यांची राहणी मिळतीजुळती आहे: पावसाळ्याचे चार-पाच महिने पानं, नंतर मातीखाली लांब झोप. बिघाड बहुतेक वेळा त्या झोपेत होतो आणि आपल्याला कळतो तीन-चार महिन्यांनी, फूल आलं नाही म्हणजे.

काहीच उगवत नाही म्हणून मार्चमध्ये रोज पाणी घालायला लागणं हा यावरचा सर्वांत घातक इलाज. जो कंद नुसता झोपलेला होता तोही त्याने कुजतो. पाइप खाली ठेवा आणि आधी दोन गोष्टी बघा: वेळ खरंच टळली आहे का, आणि मातीखाली काय आहे.

वेळ टळली आहे का?

भुईचाफा साधारण मार्च ते मे या काळात फुलतो. फूल जेमतेम एक दिवस टिकतं. एका गड्ड्यातून एकामागून एक अशी काही फुलं येतात, पण ती जमिनीला टेकलेली असतात. वाफ्यावर वाळक्या पाल्याचा जाड थर असेल किंवा रोज खराटा फिरत असेल, तर फुलं येऊन गेल्याचंही कळत नाही. पाला हाताने बाजूला करून वाळलेल्या, कागदासारख्या झालेल्या पाकळ्या दिसतात का बघा. दिसल्या तर झाड ठणठणीत आहे. पुढच्या फेब्रुवारीत पाल्याचा थर २ सेंमीच्या वर राहू देऊ नका आणि तेवढ्या जागेवर झाडू बंद करा.

कोळकांद्याचा दांडा मार्च ते मेमध्ये, एकही पान नसताना, उंच वर येतो. त्याची फुलं संध्याकाळनंतर उमलतात, त्यामुळे सकाळी बागेत फेरी मारणाऱ्याला फक्त मिटलेली मातकट फुलं दिसतात आणि 'यंदा नीट फुललाच नाही' असा समज होतो. मे-फूल एप्रिलअखेर ते जून. गडांबी कांदा वळीव पडल्यावर, मे-जूनमध्ये. कळलावीचा तर कोंबच जूनमध्ये दिसतो आणि फुलं जुलैपासून पुढे. एप्रिलमध्ये तिची काळजी करण्याचं कारणच नाही.

मे-फूल आणि गडांबी वळवाच्या पावसाने जागे होतात. मे महिन्याची २० तारीख उलटली, वळीव झाला नाही आणि कंद टणक आहे, तर तो पाऊस आपण द्यायचा. १० इंची कुंडीला दीड-दोन लिटर पाणी एकदाच, खालच्या भोकातून निथळेपर्यंत घाला, आणि मग आठ दिवस थेंबही नको. रोजच्या शिंतोड्यांनी हे काम होत नाही. वरची दोन बोटं माती ओली राहते, खाली मुळांपर्यंत काही पोचत नाही, आणि कांद्याची मान मात्र सतत दमट राहून सडते.

उकरून बघा, पण कुदळीने नको

खुरपी घ्या. कंदाच्या अंदाजे जागेपासून १५ सेंमी लांब सुरुवात करा आणि आडवी माती खरवडत आत या. वरून खुपसलं तर नेमका डोळा तुटतो. कंदाची एक बाजू उघडी पडली की थांबा, पूर्ण उपटू नका. अंगठ्याने दाबा, नखाने सालीवर एक बारीक ओरखडा काढा, वास घ्या.

टणक आणि ओरखड्याखाली पांढरा किंवा पिवळसर ओलसर गर: कंद जिवंत आहे, अडचण दुसरीकडे आहे. मऊ, काचेसारखा अर्धपारदर्शक किंवा तपकिरी गर आणि आंबूस वास: कंदकूज. हलका, सुरकुतलेला, पण आत अजून पांढरं: उन्हाने भाजून निघालाय, वाचू शकतो. कुरतडल्याच्या खुणा आणि शेजारी बीळ: घूस किंवा उंदीर, कोकणात डोंगराच्या कडेला असाल तर साळिंदर आणि रानडुक्कर. कंदावर किंवा मुळांवर कापसासारखे पांढरे पुंजके: पिठ्या ढेकूण.

कळलावीच्या बाबतीत एक खबरदारी. तिचा कंद दर वर्षी नवा तयार होतो आणि जुना पोकळ होऊन चिपाड उरतं. हाताला पोकळ साल लागली म्हणजे झाड गेलं असं धरू नका. आजूबाजूला एक वीतभर अंतरात, थोडं आणखी खोल, बोटासारखे वाकडे नवे कंद सापडतात.

भुईचाफ्यात याच्या उलट फसगत होते. त्याच्या मुळांच्या टोकाला अंडाकृती पांढरे गोळे लोंबतात. ते हाताला टणक, रसदार लागतात आणि 'कंद चांगला आहे' असं वाटतं. पण ते फक्त साठ्याचे गोळे आहेत, त्यांना डोळा नसतो. कोंब आणि फूल येतं ते वरच्या छोट्या, आल्यासारख्या गड्ड्यातून. गड्डा कुजला आणि गोळे शाबूत राहिले, तर ते गोळे महिनोन्‌महिने तसेच टवटवीत राहतील आणि काहीही उगवणार नाही. कुणी हौसेने नुसते गोळे दिले असतील आणि दोन वर्षं झाली तरी कोंब नसेल, तर कारण हेच. निदान एक डोळा असलेला गड्ड्याचा तुकडा आणि त्याला लागून दोन-तीन गोळे असं रोप मागून घ्या.

कंद कुजलेला निघाला

दहातल्या बहुतांश तक्रारी इथे येऊन थांबतात, म्हणून यावर सविस्तर.

सह्याद्रीत यातले देशी कंद ऑक्टोबरच्या अखेरीपासून मेपर्यंत जवळपास कोरड्या मातीत असतात. त्यांच्या झोपेचा इशारा थंडी नसून कोरडेपणा आहे. बागेत आपण नेमका तो हिरावून घेतो. हिरवळीला रोज फिरणारे फवारे, बारा महिने चालणारं ठिबक, शेजारच्या गुलाबाला घातलेलं आणि वाहून आलेलं पाणी. पान नसलेला कंद हे पाणी वापरू शकत नाही. माती ओली आणि हवा कमी अशा स्थितीत बुरशी साल ओलांडून आत शिरते. आलं आणि हळद लावणाऱ्या शेतकऱ्यांना हे दुखणं चांगलं ठाऊक आहे. भुईचाफा आल्याच्याच कुळातला, त्यामुळे त्यालाही कंदकूज तशीच होते. कुजलेल्या भागात बारीक पांढरट अळ्या वळवळताना दिसल्या तर ती बहुधा कंदमाशी. ती सहसा आधीच सडू लागलेल्या कंदावर येते, म्हणून अळीवर औषध शोधण्यापेक्षा सड थांबवणं महत्त्वाचं.

वाचवायची रीत: कंद पूर्ण बाहेर काढा, वाहत्या पाण्यात धुवा. स्पिरिटने पुसलेल्या सुरीने कुजलेला भाग कापा आणि स्वच्छ, पांढरा गर लागेपर्यंत कापत राहा. एक तपकिरी ठिपका जरी ठेवला तरी सड पुन्हा तिथूनच सुरू होते. प्रत्येक कापानंतर सुरी पुन्हा पुसा. उरलेला तुकडा अर्धा तास मॅन्कोझेब या बुरशीनाशकाच्या द्रावणात (१ लिटर पाण्यात ३ ग्रॅम, हातमोजे घालून) बुडवा. ते नको असेल तर कापलेल्या बाजूला चुलीची चाळलेली राख दाबून लावा. मग सावलीत, वर्तमानपत्रावर ३-४ दिवस, कापाची बाजू कोरडी खरखरीत होईपर्यंत सुकवा. लावताना जाड वाळूत लावा आणि कोंब दिसेपर्यंत पाणी देऊ नका. वाळू हाताला अगदी किंचित गार लागली की पुरे. सुपारीएवढा तुकडा आणि एक डोळा उरला असेल तरी भुईचाफा येतो. मे-फुलाचा कांदा मात्र तळाच्या चकतीपासून सडला असेल तर सहसा हाती लागत नाही. मानेकडून सडला असेल तर कापून बघण्यात अर्थ आहे.

त्याच जागी लगेच परत लावू नका. माती एक फूट खोल उकरून मे महिन्याच्या उन्हात दोन-तीन आठवडे तापू द्या. लावण्याआधी १ किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात १० ग्रॅम ट्रायकोडर्माची (ही उपयोगाची बुरशी) भुकटी मिसळा, ओलसर करून आठ दिवस सावलीत गोणपाटाखाली ठेवा आणि मग मातीत घाला. ताम्रयुक्त बुरशीनाशक वापरलं असेल तर ट्रायकोडर्मा घालण्याआधी निदान १५ दिवस जाऊ द्या, नाहीतर उपयोगाची बुरशीही मरते आणि दोन्ही खर्च वाया जातात.

यानंतर पाण्याचं वेळापत्रक. जमिनीतल्या झाडांना जून ते सप्टेंबर पाऊस पुरतो. गॅलरीत पाऊस पोचत नसेल तर एक दिवसाआड. परतीचा पाऊस सरला की ऑक्टोबरमध्ये आठवड्यातून दोनदा. पानांच्या कडा पिवळ्या व्हायला लागल्या की आठ-दहा दिवसांतून एकदा, आणि निम्मी पानं पिवळी झाली की बंद. डिसेंबर ते फेब्रुवारी जमिनीत काहीच नको. ८-१० इंची कुंडीतल्या भुईचाफ्याला तीन-चार आठवड्यांतून एकदा अर्धा ग्लास पाणी, तेही कडेने, कारण छोटा गड्डा लहान कुंडीत पार सुकून जाऊ शकतो. कोळकांदा आणि कळलावी यांना तेही नको. मार्चमध्ये कळीचं जांभळट टोक दिसलं की पाच-सहा दिवसांतून एक ग्लास.

ठिबक असेल तर त्या जागेचा ड्रिपर काढून भोक बुचाने बंद करा. 'नंतर बघू' म्हटलं की जानेवारी उजाडतो. हिरवळीच्या कडेला लावलेले कंद फवाऱ्यातून सुटत नाहीत, ते हलवलेलेच बरे. अवकाळी पाऊस थांबवता येत नाही, पण कुंडी आडवी करून ठेवता येते.

माती काळी असेल तर वेळापत्रक पाळूनही कूज होईल, कारण ती पाणी धरून ठेवते. अशा ठिकाणी २०-२५ सेंमी उंचीचा वाफा करा: २ घमेली लाल माती, १ घमेलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, १ घमेलं जाड वाळू किंवा विटांचे तुकडे. बारीक वाळू नको, ती मातीत मिसळून घट्ट थर बनवते. कोकोपीट अगदी थोडं. नर्सरीतून आलेली झाडं बहुधा निव्वळ कोकोपीटमध्ये असतात आणि ती तशीच ठेवली की पहिल्या हिवाळ्यातच सडतात. आणल्यावर पावसाळ्यातच मातीत हलवा.

कंद टणक आहे, पानं येतात, फूल नाही

आधी खोली मोजा. दर वर्षी वाफ्यावर नवी माती, शेणखत, पाला पडत जातो आणि तीन-चार वर्षांत कांदा नकळत गाडला जातो. मे-फुलाची मान मातीच्या पातळीला किंवा किंचित वर हवी. ती ५-७ सेंमी खाली गेली की झाड पानं देतं, फूल टाळतं. गडांबीचीही मान उघडी हवी. कोळकांद्याचा वरचा तिसरा हिस्सा मातीबाहेर असला तरी चालतो. भुईचाफ्याचा गड्डा मात्र झाकलेला हवा, वर ४-५ सेंमी माती. कुंडीत पाण्याच्या धारेने तो उघडा पडतो आणि उन्हात डोळे करपतात. कळलावीचा कंद आडवा, ६-८ सेंमी खोल. मे-फुलाची खोली सुधारताना कांदा उपटू नका. हाताने भोवतीची माती काढून मान मोकळी करा, एवढंच. त्याला मुळं हलवलेली अजिबात खपत नाहीत, आणि कुंडी बदलल्यावर एक वर्ष फूल न येणं हे नेहमीचंच आहे. दाटी त्याला आवडते, म्हणून मोठ्या कुंडीची घाई करू नका.

दुसरं कारण माळ्याच्या हातातली कात्री. दिवाळीच्या सुमारास बाग 'स्वच्छ' करताना पिवळी पडू लागलेली पानं मुळापासून छाटली जातात. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरचे ते काही आठवडेच पान आपल्यातलं सत्त्व कंदात परत पाठवत असतं, आणि पुढच्या वसंताचं फूल त्या साठ्यावर येतं. पान हलकेच ओढल्यावर आपसूक निघून येईल तेव्हाच काढायचं. घर आवरलेलं दिसावं म्हणून घाई असेल तर पानं एकत्र करून सैल सुतळीने बांधा, गाठ मारून दुमडू नका. सोसायटीच्या बागेत हे माळ्याला ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच सांगायला हवं. गवत कापायचं यंत्र फिरल्यावर सांगून उपयोग नसतो.

तिसरं, सावली. पाच वर्षांपूर्वी लावलेल्या आंब्याने किंवा बकुळीने आता आकाश झाकलं असेल. भुईचाफ्याला अर्धी सावली मानवते, पण सकाळचं दोन-तीन तास ऊन हवंच. मे-फुलाला गाळीव ऊन, गडांबी आणि कळलावीला त्याहून जास्त, कोळकांद्याला तर उघडं माळरान. पावसाळ्याआधी खालच्या दोन-तीन फांद्या उतरवल्या तरी बराच फरक पडतो.

चौथं, खत. जास्त युरिया किंवा ताजं शेण दिलेल्या वाफ्यात पानं हिरवीगार, मऊ आणि फूल शून्य. पानं पूर्ण उघडल्यावर, म्हणजे जुलैच्या सुमारास, एका १० इंची कुंडीला दोन मुठी कंपोस्ट आणि एक चमचा हाडांचा चुरा. सप्टेंबरमध्ये अर्धा चमचा १०:२६:२६ हे मिश्र खत कडेने, किंवा १ लिटर पाण्यात २ ग्रॅम सल्फेट ऑफ पोटॅश. ऑक्टोबरनंतर कोणतंही खत नको. झोपेतल्या कंदाला खत दिलं की मातीत क्षार साचतात आणि मार्चमध्ये कोंबाचं टोक जळतं.

आणि कंद लहान असेल तर वाट बघण्याला पर्याय नाही. मे-फुलाचं बाजूचं पिल्लू किंवा बियांतून आलेलं रोप फुलायला काही वर्षं घेतं.

कोंब येतो आणि नाहीसा होतो

सकाळी कळी होती, दुसऱ्या दिवशी नुसता दांडा. रात्री ९ नंतर टॉर्च घेऊन बघा. मोठी आफ्रिकन गोगलगाय भुईचाफ्याच्या कळ्या एका रात्रीत फस्त करते, विशेषतः वळीव झाल्यावर. हातमोजे घालून वेचा आणि मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. ओलं गोणपाट संध्याकाळी वाफ्याजवळ पसरून ठेवलं की पहाटे त्याखाली जमलेल्या सापडतात. कळीभोवती मीठ टाकू नका, माती खारावते.

मुंग्या दिसल्या तर त्या बहुधा मकरंदासाठी आलेल्या असतात, त्यांना राहू द्या. मात्र मातीतून मुंग्यांची रांग कंदाकडे जात असेल तर खाली पिठ्या ढेकूण असण्याची शक्यता मोठी. कंद काढून जुन्या दातघासणीच्या ब्रशने धुवा, १ लिटर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि चार थेंब द्रव साबण घालून त्यात दहा मिनिटं ठेवा, सुकवा आणि नव्या मातीत लावा.

पावसाळ्यातली अळी वसंताच्या फुलांवर परिणाम करते हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. काळ्या अंगावर पांढरे आणि तांबडे ठिपके असलेली लिलीची अळी कळलावी, गडांबी, मे-फूल या तिन्हींची पानं जुलै-ऑगस्टमध्ये काही दिवसांत खरवडून टाकते. पान गेलं की साठा गेला. पानाच्या मागे अंड्यांचे पुंजके दिसताच पान पुसून घ्या, अळ्या वेचा, आणि जास्त झाल्या तर ५ टक्के निंबोळी अर्क आठ दिवसांच्या अंतराने दोनदा फवारा. भुईचाफ्याच्या पानांची गुंडाळी करून आत राहणारी हिरवट अळी वेगळी. ती एका फुलपाखराची आहे आणि आल्याच्या कुळातल्या झाडांवरच वाढते. दोन-चार पानं खाऊन ती निघून जाते. तेवढी तिला द्यावीत.

घूस असेल तर कंद पेरतानाच अर्ध्या इंची जाळीची टोपली करून त्यात लावा, तळ आणि चारी बाजू बंद, वरून मोकळी. कोंब वरून निघतो, मुळं जाळीतून जातात. साळिंदरापुढे जमिनीतली जाळी टिकत नाही, तिथे भक्कम सिमेंटची कुंडी बरी.

झोप मोडणारे दोन सल्ले

परदेशी लेखांतून ट्यूलिप आणि डॅफोडिलचे सल्ले इकडे येतात: कांदे हिवाळ्यात फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे वसंतात फुलतील. त्या फुलांना कडक थंडीची गरज असते. आपल्या कंदांना फ्रिजमध्ये ठेवलं तर ते आतून काळे पडतात. काढून ठेवायचेच असतील तर कोरड्या वाळूत किंवा भाताच्या तुसात, कागदी पिशवीत, खोलीच्या गारव्यात. महिन्यातून एकदा दाबून बघायचं, मऊ लागला तो बाजूला करायचा. न्यू जर्सी किंवा लंडनमध्ये कुंडीत भुईचाफा जोपासणाऱ्यांनी पहिलं दव गोठण्याच्या आधीच कुंडी घरात घ्यावी, कोरडी ठेवावी आणि रात्री उबदार व्हायला लागल्या की बाहेर काढावी. तिकडे फूल उशिरा येतं, त्यात बिघाड काही नाही.

दुसरा सल्ला गच्चीवरचा: 'उन्हाळ्यात कोरडं हवं ना, मग राहू दे गच्चीत.' काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत, पश्चिमेच्या भिंतीला टेकून, एप्रिलमधली माती हात लावू नये इतकी तापते आणि कंद शिजल्यासारखा होतो. जमिनीत कोरडेपणा असतो, पण एवढा ताप नसतो. डिसेंबरपासून अशा कुंड्या जिन्याखाली किंवा दुसऱ्या मोठ्या कुंडीच्या सावलीत ठेवा. सुरकुतलेला पण आतून पांढरा कंद सापडला तर तो पाण्यात भिजवू नका. ओलसर वाळूत सावलीत १०-१२ दिवस ठेवला की भरून येतो.

काहीच सापडलं नाही तर

कीड नाही, कूज नाही, कंदच नाही, असं असेल तर हिवाळ्यात तिथे कुणीतरी आळं केलं, माती उलटली किंवा पेव्हर ब्लॉकसाठी खणलं, याची चौकशी करा. उलटलेली माती जिथे टाकली असेल तिथे जूनमध्ये पानं उगवलेली अनेकदा दिसतात. पुढच्या खेपेला पानं असतानाच, सप्टेंबरमध्ये, गड्ड्याच्या चारी बाजूंना मूठभर आकाराचे दगड अर्धे पुरून ठेवा आणि ॲल्युमिनियमच्या पट्टीवर खिळ्याने नाव कोरून तारेने बांधा. मार्करची शाई एका पावसाळ्यात उडते.

नवे कंद नर्सरीतून किंवा ज्यांच्या बागेत वाढले आहेत त्यांच्याकडून घ्या. कास पठारावरून किंवा सड्यांवरून उपटून आणू नका. कास २०१२पासून युनेस्कोच्या 'पश्चिम घाट' या जागतिक वारसा स्थळाचा एक भाग आहे, आणि तो मान नसता तरी तिथून कंद आणणं वाईटच. जांभ्यावरच्या बोटभर मातीत, पावसाळा सरला की पार वाळणाऱ्या जागी वाढलेला कंद बागेतल्या खोल, पोषक मातीत बहुधा पहिल्याच वर्षी सडतो. तिकडे एक झाड कमी होतं आणि इकडे एकही वाढत नाही.

विकत घेताना फेब्रुवारी ते मे हा काळ चांगला, कारण कंद झोपेत असतो आणि प्रवास सोसतो. दाबून टणक लागला पाहिजे, वजनाला आकाराच्या मानाने जड हवा, तळाला बुरशीचा हिरवट-निळा डाग नको. भुईचाफ्याचा डोळा दाखवायला सांगा. पानांवर असलेलं रोप घेत असाल तर भुईचाफ्याची पानं उभी, लांबट, वरून रुपेरी-हिरव्या नक्षीची आणि मागून जांभळट असतात. जमिनीला चिकटून गोल पसरलेली पानं दिसली तर ते त्याच्याच जातकुळीतलं दुसरं झाड आहे. कळलावीच्या कंदाचं वाढीचं टोक मोडलेलं असेल तर घेऊ नका, त्या टोकातूनच कोंब येतो.

कळलावीच्या सगळ्या भागांत, विशेषतः कंदात, कोल्चिसिन असतं आणि ते जीवघेणं आहे. कोळकांदा हृदयावर परिणाम करतो, मे-फुलाचा कांदाही विषारी. कोळकांदा आणि गडांबी दिसायला थेट कांद्यासारखे असल्याने स्वयंपाकघरात, कांदा-बटाट्याच्या टोपलीजवळ ते कधीही ठेवू नका. पिशवीवर मोठ्या अक्षरांत 'विषारी' लिहा, लहान मुलं आणि पाळीव कुत्रं पोचणार नाही अशा जागी ठेवा आणि हाताळताना हातमोजे घाला. मेच्या शेवटच्या आठवड्यात लावून टाका. पहिलं पाणी आपण घालायचं नाही, ते मृगाच्या पावसाला घालू द्या.